गाण्यातला कोरिया



एका पिढीला कोरिया हे नाव कळले ते युद्धाच्या बातम्यांतून. १९५० ते १९५३ या काळात तेथे रण पेटले असता भारताने लष्करी वैद्यकीय पथक पाठविले. शस्त्रसंधीनंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल थोरात या मराठी सेनानीकडे होते. त्या पिढीच्या मनातला कोरिया म्हणजे छावण्या, काटेरी तारा आणि दुभंगलेली भूमी. आज त्याच घरातील नात कोरियन गाणी गुणगुणते, तेव्हा तिचा कोरिया सर्वस्वी निराळा असतो. तिला दोष देण्याचे कारण नाही. आजोबांचा कोरियाही अपुराच होता.

२०१२ साली साय या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ जगभर गाजले. यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली ती पहिलीच चित्रफीत. गंगनम हा सोल शहरातील हान नदीच्या दक्षिणेचा श्रीमंत भाग. तेथील दिखाऊ ऐटीची गाण्यात टर उडविली आहे. परदेशी श्रोत्यांपैकी बहुतेकांना शब्द कळले नाहीत. परिणामी ज्याची खिल्ली उडविली, तोच थाट त्या देशाची ओळख होऊन बसला!

हा सारा योगायोग नव्हे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियाच्या सरकारने सांस्कृतिक उद्योगांना जाणीवपूर्वक बळ दिले. १९९९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. मात्र शिकवणी वर्गांत रात्री उशिरापर्यंत अडकलेली मुले, किंवा २०२३ साली दर स्त्रीमागे ०.७२ इतका घसरलेला जननदर त्या झगमगाटात दिसत नाही.

परंतु या संगीताचा खरा कस लागला तो सीमेवर. उत्तर कोरियाने जानेवारी २०१६ मध्ये अणुचाचणी करताच दक्षिणेने सीमेवर ध्वनिक्षेपक लावून बातम्यांबरोबर ही लोकप्रिय गाणीही वाजविली. दक्षिण म्हणजे अमेरिकेची बटीक, दारिद्र्याने गांजलेली, असे उत्तरेतील मुलांना वर्षानुवर्षे शिकविले गेले होते. तेथून निसटून आलेल्या अनेकांनी पुढे सांगितले आहे की, चोरून ऐकलेल्या गाण्यांनी त्या शिकवणुकीला पहिला तडा गेला. भुकेला माणूस असे गाईल कसा, एवढीच ती शंका. २०२० साली उत्तरेने कायदा करून असे साहित्य पसरविणाऱ्यास देहदंडापर्यंतची शिक्षा ठरविली. सत्तेला तोफेइतकेच भय गाण्याचेही वाटले, ते उगाच नव्हे.

आणि जे पलीकडून आले, त्यांनाही गाण्यातला देश जसाच्या तसा सापडला नाही. भाषेचा हेल वेगळा, नोकरीसाठी जीवघेणी स्पर्धा, शेजाऱ्यांच्या नजरेत संशय. तरी बहुतेक जण परत गेले नाहीत.

२०१८ मध्ये थांबलेले ध्वनिक्षेपक २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले, जून २०२५ मध्ये बंद पडले आणि ऑगस्टमध्ये दक्षिणेने ते काढूनच टाकले. उत्तरेतला कायदा मात्र कायम आहे.