पाच रुपयांचा भागाकार



ज्या सातारा नगरीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह उभे केले, आणि ज्या वसतिगृहातील धान्य सरले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने व अखेरीस मंगळसूत्रही मोडून मुलांच्या ताटातली भाकरी चुकू दिली नाही, त्या नगरीत दीक्षान्ताचे चार शब्द बोलण्याचा मान आपण शिवणयंत्रावर आयुष्य काढलेल्या एका बाईला दिलात, याबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लक्ष्मीबाईंची ही हकीकत त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ती त्यागाचीच आहे. परंतु भाऊरावांनी त्या मुलांना कोणाच्या दानाचे मिंधे ठेवले नाही, अंगमेहनतीची जोड देऊन शिक्षण स्वकष्टाने मिळवायला शिकवले, ही तिची दुसरी बाजू माझ्या व्यवसायाला अधिक जवळची आहे, आणि तिच्याविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

माझे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते, आणि सातारा-सांगलीकडची कितीतरी बिऱ्हाडे, महिन्या-दोन महिन्यांत संप मिटेल या आशेवर गावी परतली, ती परत गेलीच नाहीत. आमचेही बिऱ्हाड खटाव तालुक्यात आले. ज्या माणसाने उमेदीची सारी वर्षे कापड विणण्यात घालवली त्याच्या घरात कापड घ्यायला पैसा उरला नाही, तेव्हा आईने जुने पायमशीन ओसरीवर मांडून गावाचे परकर-पोलके शिवायला घेतले. गाव चांगले होते, तिची शिलाई कोणी बुडवली नाही. मात्र सुगी झाल्यावर देऊ, पोराची मनिऑर्डर आल्यावर देऊ, असे म्हणत ती जवळजवळ प्रत्येकाने उशिरा दिली. त्या उशिराच्या दिवसांत आमच्या चुलीवर काय होते हे कोणाच्या ध्यानातही आले नाही, कारण कोणाच्या मनात वाईट असे काहीच नव्हते. पुढे मी तीन यंत्रांवर माझा छोटा कारखाना काढला तेव्हा पहिला दंडक घातला तो हा, की आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीपूर्वी, प्रत्येकीची शिलाई तिच्या हातात पडली पाहिजे. आमचे येणे वसूल झालेले असो वा नसो.

शाळांचे गणवेश, परकर आणि झबली-टोपरी एवढाच आमचा जिन्नस. कापडाचे ताके इचलकरंजीहून येतात, काही विट्याहून. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला. त्या मागांवर सुरू झालेला धागा माणदेशातल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत येऊन सदऱ्याच्या काजाशी संपतो. त्या खोलीत बसणाऱ्या बायांपैकी कोणी विधवा आहे, कोणाचा नवरा सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात परप्रांती राबतो आहे, कोणी जतकडून दरसाल उसाच्या फडावर जात असे. फडावर नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल पुरुषाच्या नावे दिली जाते आणि बाईच्या मेहनतीची स्वतंत्र नोंद कोणत्याच वहीत होत नाही. आमच्या खतावणीत फडावरून आलेल्या एका बाईच्या नावाचे पान निघाले, त्यावर तिने केलेले नग आणि तिला मिळालेली रक्कम तिच्यादेखत लिहिली गेली, तेव्हा त्या पानावरून तिने जो हात फिरवला तो मी अद्याप विसरलेले नाही.

हिशेब हा शिकलेल्यांचाच प्रांत आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी याच जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट ध्यानात ठेवावी. रस्त्याच्या कडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी थोडी थोडी शिल्लक टाकायची होती, आणि एवढ्या लहान रकमेचे खाते उघडायला बँक तयार नव्हती. त्यातून सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी स्त्रियांच्या बँकेचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेकडे नेला. परंतु प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही या कारणास्तव तो परत आला. त्या स्त्रियांनी दिवसभराचे काम उरकून काही महिने अक्षरे गिरवली, आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून सांगितले, की वाटेल ती मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या माणसांनी गणकयंत्राविना काढावे, आणि कोणाचे आधी येते ते पाहावे. परवाना मिळाला, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षरओळख नव्हती तेव्हाही त्यांना व्याज काढता येत होते, हे त्या दिवशी सरकारदरबारी प्रथमच मान्य झाले.

मला हा धडा माझ्याच कारखान्यात, जरा कटू रीतीने मिळाला. एका शाळेच्या सदऱ्यांचे काम ठरत होते. हजार नग होते, आणि दर समजा २५० रुपये धरा. शाळेच्या मंडळींनी नगामागे पाच रुपये कमी करा म्हटले आणि मी, एवढे मोठे काम हातचे जाऊ नये म्हणून, मान डोलावली. सायंकाळी ती गोष्ट मी सहज बोलून दाखवली तेव्हा काज-बटणाला बसलेली, शाळेची पायरी न चढलेली एक बाई हातातले काम थांबवून म्हणाली, “ताई, ह्ये पाच रुपयं कुनाच्या पदरातलं?” मी उत्तर द्यायला गेले आणि मला ते येईना. ताक्याचा भाव इचलकरंजीचा बाजार ठरवतो, विजेचा भाव वीज नियामक आयोग ठरवतो, दोरा आणि बटणे पेठेच्या दराने येतात, जागेचे भाडे चुकत नाही. यांपैकी कशालाही मी हात लावू शकत नव्हते. हात लावण्याजोगी एकच बाब उरत होती, आणि ती म्हणजे तिची शिलाई. ती समजा नगामागे २५ रुपये असेल आणि दिवसाकाठी बारा सदरे तिच्या हातून उतरत असतील, तर तिचे ३०० रुपये होतात. त्यातून पाच-पाच गेले की हाती २४० राहतात. शाळेच्या दृष्टीने जी सवलत किमतीचा पन्नासावा हिस्सा होती, ती या बाईच्या दृष्टीने तिच्या दिवसाचा पाचवा हिस्सा होती. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दिलेला शब्द परत घेतला. काम गेले. त्या उन्हाळ्यात आमची काही यंत्रे झाकून ठेवावी लागली, आणि आपले बरोबर होते की नव्हते या विचाराने मला कित्येक रात्री झोप आली नाही.

त्या रिकाम्या दिवसांतच आमची कापणी करणारी मुलगी, जी नववीत शाळा सोडून आलेली होती, कापणीच्या मेजावर कागदी मापे मांडून बसू लागली. कापडाच्या थरावर पाठ, पुढचा भाग, बाही यांची मापे जशी आजवर ठेवली जात तशी न ठेवता तिने बाह्या उलटसुलट जुळवल्या, दोन बाह्यांमधल्या कोनात कॉलरची पट्टी बसवली, खिसा बगलेच्या वळणातून काढला, आणि जे कातरण आम्ही गोधडीला म्हणून पोत्यांनी देत होतो ते निम्म्यावर आणले. पाच रुपये तिथे होते. पुढल्या वर्षी त्याच शाळेला आम्ही तोच कमी दर दिला आणि एकाही बाईच्या पानावरचा आकडा खाली आला नाही. मुलांनो, करुणेला कौशल्याची जोड नसेल तर ती फार तर एक हंगाम टिकते, असे मी अनुभवाने म्हणते.

हेच मला महापुरातही दिसले: ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा तिकडे घरून काम करणाऱ्या आमच्या बायांची यंत्रे पाण्याखाली राहिली. महाराष्ट्राने मायेने पाठवलेल्या मदतीत जुन्या साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. एका बाईने त्यातली एक साडी कपाळाला लावून परत ठेवली आणि मोटर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस कुठे मिळेल, एवढेच विचारले. आम्ही कारागीर नेला; ती आठवड्याभरात कामाला बसली.

तुमच्यापैकी बहुतेकजण शिवणयंत्रावर बसणार नाहीत, आणि बसावे असा माझा आग्रहही नाही. परंतु तुम्ही मुख्याध्यापक व्हाल, ग्रामपंचायत अधिकारी व्हाल, बँकेत कर्जाचे अर्ज तपासाल, एखाद्या संस्थेच्या खरेदी समितीवर याल, आणि तुमच्यासमोर निविदांचे लखोटे उघडले जातील. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी असा रिवाज आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी तो असणे रास्तही आहे. माझी विनंती इतकीच, की सही करण्यापूर्वी तो दर नेमका कोणत्या बाबीत कमी झाला हे समोरच्याला विचारा, आणि त्याला सांगता आले नाही तर त्याला घरी जाऊन हिशेब मांडून यायला सांगा. तसेच जूनमध्ये गणवेश ताब्यात घेतल्यावर त्याचे बिल दिवाळीपर्यंत टेबलावर ठेवू नका. तुमच्या कचेरीतून ते बाहेर पडेपर्यंत कोणीतरी सावकाराच्या व्याजाने तांदूळ आणत असते, आणि ते व्याज कोणत्याही सरकारी वहीत चढत नाही.

भोजनासाठी थांबण्याचा प्राचार्यांचा आग्रह मला मोडावा लागतो आहे, त्याची क्षमा असावी. उद्या आमच्या गावचा बाजार आहे, शिलाईची पाकिटे आणि खतावणी खाली मोटारीत आहेत, आणि येथून गाव गाठायला मला तीन तास लागतात.