मिझुरीतील सायकलपथ
अमेरिकेच्या मिझुरी राज्यात १९८६ साली ओस पडलेल्या लोहमार्गाच्या जागी पुढे सुमारे २४० मैलांचा 'केटी ट्रेल' हा सायकलपथ उभा राहिला, आणि आगगाडीला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे तो बहुतांशी सपाटच राहिला, हे सायकलस्वारांचे भाग्यच म्हणावयाचे. खरा धोका आहे तो या पथाची हद्द सोडून ग्रामीण रस्त्यास लागावे लागते तेथे. कारण टेकाडापलीकडून भरधाव येणाऱ्या मोटारचालकास उतारावरील सायकल ऐन वेळीच दृष्टीस पडते. म्हणूनच रहदारीच्याच दिशेने, म्हणजे तेथे उजव्या बाजूने, जावे आणि रात्री पुढे पांढरा दिवा व मागे तांबडा परावर्तक किंवा तांबडा दिवा असावा, असा तेथील कायद्याचा दंडक आहे. परावर्तक स्वयंप्रकाशी नसल्याने मागेही दिवाच असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.