चुन्यातील कौशल्य : बीबी का मकबरा
(वटार, तालुका वसई येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर दिलेले व्याख्यान)



वटारच्या मंडळींना जुन्या वास्तूंची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. वसईचा किल्ला येथून काही कोसांवर आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, हे येथील शाळकरी मुलेही सांगतील. या दोन शतकांत किनाऱ्यावर पोर्तुगीजांचे तटबुरूज आणि चर्च उभे राहत होते, तर सह्याद्रीपलीकडे दख्खनमध्ये निराळ्याच परंपरेचे बांधकाम चालले होते. त्यांपैकी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा हा आजचा विषय होय.

सोळाव्या-सतराव्या शतकांत उस्मानी, सफवी आणि मोगल अशी तीन मोठी मुस्लिम साम्राज्ये नांदत होती. इस्तंबूलची सुलेमानिया मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली. इराणात इस्फहान येथे शहा अब्बासने १६११ मध्ये शाही मशिदीचे काम सुरू केले. तेथील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत रंगीत फरशीचे बारीक तुकडे कापून ते जुळविले जात. त्यास वेळ फार लागे. म्हणून या मशिदीत बऱ्याच ठिकाणी एकाच फरशीवर अनेक रंग भाजून काढण्याची जलद व कमी खर्चाची रीत वापरली गेली. काटकसरीतून आलेली ही रीत पुढे इराणी शैलीची ओळखच बनली.

मकबऱ्याचा विचारही याच दृष्टीने करावयास हवा.

औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू ही इराणच्या सफवी घराण्याशी नाते असलेल्या शाहनवाजखानाची कन्या. ती १६५७ मध्ये निवर्तली. तिच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू तिचा पुत्र आझमशहा याच्या नावाशी जोडली जाते. मुख्य द्वारावरील लेखात अताउल्ला हा वास्तुरचनाकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावे आढळतात. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव निगडित आहे त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. नकाशा बांधणारा मुसलमान, तर बांधकाम पेलणारा हिंदू, आणि दोघांचीही नावे एकाच दारावर. बांधणाऱ्यांची नावे अशी कोरून ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

या कामास ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला, असे गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’त म्हटले आहे. ताजमहालासाठी सांगितल्या जाणाऱ्या कोट्यवधी रुपयांपुढे ही रक्कम किरकोळ ठरते. सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना तावेर्निये या फ्रेंच प्रवाशास वाटेत संगमरवर लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या. त्यांतील लहानात लहान गाडीलाही निदान बारा बैल जुंपलेले होते, असे तो लिहितो. पांढरा दगड इतक्या दूरवरून आणणे म्हणजे काय, याची यावरून कल्पना यावी. म्हणून संगमरवर जेथे अत्यावश्यक तेथेच वापरला गेला. भिंतींचा खालचा पट्टा व घुमट संगमरवरी; मधले सारे अंग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचे. त्यावर चुन्याचा गिलावा घोटून, झिलई देऊन पांढरेपणा आणला, आणि त्याच गिलाव्यात वेलबुट्टी व कमळे उठविली.

‘गरिबांचा ताज’ ही थट्टा येथूनच सुरू झाली. ती सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. ताजच्या तुलनेत मधली इमारत उभट वाटते, आणि चार कोपऱ्यांचे मनोरे तिच्या फार जवळ आल्यासारखे भासतात. परंतु ही तुलना इतकी पुढे येते की, पाहणाऱ्याचे गिलाव्याकडे लक्षच जात नाही. दख्खनच्या कारागिरास दगड आणि चुना यांचा संसार जुना होता. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील फराहबागेचा निजामशाही महाल १५८३ मध्ये पुरा झाला, तो याच ज्ञानावर. आत कबरीभोवती संगमरवराची जाळी आहे. कबरीवर शिला नाही, केवळ माती आहे, आणि सज्जावरून खाली वाकून ती पाहावी लागते. बाहेर चार भागांची बाग, मधोमध पाण्याचे लांबट कुंड. ज्या शहरात हे घडले त्याचा पाया मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने घातला होता, आणि भूमिगत नहरींतून तेथे पाणी खेळविण्याची व्यवस्थाही त्याचीच.

आता चुन्याचा गुण पाहू. चुना भिजवून मुरवावा लागतो, वाळूसह बैलाच्या घाणीत मळावा लागतो. गूळ, बेलफळाचा गर असे पदार्थ त्यात घालण्याची रीत होती. असा गिलावा ओलावा आत घेतो आणि बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत अडकते, क्षार फुलतात आणि जुना चुना ढलप्यांनी गळू लागतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली गावोगावच्या देवळांवर, दर्ग्यांवर, चर्चवर व विहिरींवर हेच होत आहे. खर्च करणारे बहुधा सद्हेतूनेच तो करतात.

मकबरा आणि वसईचा किल्ला ही दोन्ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. यादीत नसलेल्या वास्तूंना मात्र हे कवच नाही. त्यांच्या डागडुजीचा ठराव ग्रामपंचायतीपुढे येईल तेव्हा अंदाजपत्रकात सिमेंट लिहिले आहे की चुना, हे सदस्यांनी सहीपूर्वी पाहावे, आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी तालुक्यात कोणी उरला आहे काय, याचीही चौकशी करावी.