ड्रॅगनला कळलं, तुम्हाला कळलं का?

हेडफोन लावलेत ना? आज वाचनाबद्दल बोलूया. घाबरू नका, 'रोज वीस पानं वाचा' वगैरे सांगणार नाहीये मी.

मी सहावी-सातवीच्या मुलांना मराठी शिकवते. या वयात एक गोष्ट हमखास दिसते. पोरगं धडा घडाघडा वाचतं, कुठे अडखळत नाही. पण "काय झालं रे यात?" असं विचारलं की गप्प! अक्षर ओळखणं वेगळं, अर्थ लागणं वेगळं. अशा मुलाकडे कुणाचं लक्षही जात नाही, कारण वाचन तर छान चाललंय. मग विज्ञान जड जातं, गणितातली शाब्दिक उदाहरणं जड जातात आणि एक दिवस शिक्का बसतो, 'ढ'.

यावर माझा उपाय म्हणजे ड्रॅगन. हसू नका, ऐका.

टॉल्किनचं 'द हॉबिट' १९३७ सालचं. त्यात स्मॉग नावाचा ड्रॅगन सोन्याच्या ढिगावर झोपलेला असतो. बिल्बो त्यातला एकच पेला पळवतो आणि स्मॉगला जाग आल्याबरोबर ते कळतं. हा प्रसंग मी सोप्या मराठीत एका पानावर लिहून देते. मग विचारते, "हा ड्रॅगन कसा असेल?" उत्तर येतं, "बाई, सारखा मोजत बसत असणार!" माझ्या पानावर 'मोजणं' हा शब्दच नसतो. मुलांनी ते ताडलेलं असतं. आकलन म्हणजे हेच.

पुढे तर अजून मजा आहे. बिल्बो स्वतःचं नाव लपवतो, कोड्यात बोलतो, पण बोलता बोलता स्वतःला 'पिंपावर बसून आलेला' म्हणवतो. तेवढ्यावरून स्मॉग ओळखतो की याला तळ्यावरच्या गावाची मदत आहे, कारण पिंपांचा व्यापार त्यांचाच. आणि तो गाव जाळायला निघतो! मी म्हणते, "ड्रॅगनला कशावरून कळलं? ओळ दाखवा." मग सगळी डोकी कागदात.

पॅलिंक्सर आणि ब्राऊन या दोन संशोधक बाईंनी १९८४ मध्ये, वाचता येतं पण समजत नाही अशा सातवीच्याच मुलांसोबतचं काम प्रसिद्ध केलं. त्यात चार कामं होती: पुढे काय होईल ते सांगा, प्रश्न विचारा, अडलेलं सोडवा, थोडक्यात सांगा. आधी शिक्षक करून दाखवतो, मग हळूहळू मुलंच 'सर' होतात. आमच्या वर्गात हेच चालतं.

आणि मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत हं! गुप्तधनावर बसलेला नाग त्यांनी आजीकडून ऐकलेला असतो, त्यामुळे सोन्यावरचा स्मॉग लगेच पटतो. पण चीनमधल्या कथेत लोक ड्रॅगनकडे पाऊस मागतात, तिथे ती अडतात. "आग ओकणाऱ्याकडे पाऊस?" मग पुन्हा वाचायचं. चिनी ड्रॅगन पाण्याचा, पावसाचा स्वामी. आपण आधी धरून चाललेलं आणि समोर लिहिलेलं जुळत नसेल, तर थांबायचं, ही सवय इथे लागते.

ही सवय फक्त परीक्षेपुरती नाही. याच मुलांच्या हातात उद्या फोन येणार, फॉरवर्ड येणार, कर्जाच्या अटी येणार. तेव्हा शेजारी बाई नसतील. "कशावरून? ओळ दाखव," हे त्यांनी स्वतःलाच विचारायला हवं.

घरी एखादं धाकटं भावंड असेल तर आज रात्री एक ड्रॅगनकथा घ्या. अर्ध्यात थांबा आणि विचारा, "आता काय होईल?" उत्तर चुकलं तरी चालेल. लगेच पुढचा प्रश्न, "कशावरून?"

चला, भेटू पुढच्या भागात!