दोन चौकोनांतला धातू

शब्दकोड्यात ‘एक धातू’ एवढंच सूत्र आणि पुढे दोन चौकोन दिसले की मला वाईट वाटतं. सोने, तांबे, शिसे, पारा, लोह, सगळेच तिथे बसतात. जस्तसुद्धा, कारण आपल्या कोड्यात जोडाक्षराला एकच घर. मग सोडवणारा उभ्या शब्दांवरून उत्तर भरतो आणि त्या धातूबद्दल काही न कळताच पुढे सरकतो.

आमच्या कशेळ्यात बसून सूत्रं करायची तर सामान आजूबाजूलाच आहे. इथला पाऊस मुसळधार आणि घरांवर पत्रे. ‘स्वतः झिजून लोखंडाला गंजू न देणारा’ असं सूत्र दिलं की उत्तर एकच, जस्त. पत्र्यावर ओरखडा उठला तरी आधी जस्त खर्ची पडतं. किंवा ‘कल्हईवाल्याचा धातू’, घरं तीन: कथिल. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून भांड्याला धक्का न लागता आतून पांढरा थर चढतो. नवसागर लागतो तो भांड्याचा पृष्ठभाग साफ करायला, त्याशिवाय कथिल धरतच नाही.

‘मूलद्रव्य’ असं सूत्र देऊन उत्तर ‘पितळ’ मात्र कधीही नको. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. कशेळ्यावरून खांडसमार्गे भीमाशंकर चढणारे लोक तिथली पोर्तुगीज घंटा पाहतात. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी ती आणली, असं सांगतात. घंटा ओततात ते कांसेही असंच, तांब्यात कथिल मिसळून केलेलं.

आता ‘द्रवरूप धातू’. सगळे पारा लिहितात. पण घरं चार असतील तर? गॅलियम! तो तिसाच्या आतच, २९.८ अंशांना वितळतो. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे तो सावलीतही पातळच राहील.

या गॅलियमची जागा रशियाच्या मेंडेलीव्हने तो सापडण्याआधीच दाखवली होती. आवर्त सारणीत एक घर रिकामं होतं. शेजारच्या घरांवरून त्याने १८७१ मध्ये तिथल्या धातूचे गुण लिहून ठेवले, शब्दकोडं सोडवावं तसे. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ब्वाबोद्रां यांना तो धातू मिळाला, पण घनता भरली ४.७. मेंडेलीव्हचा अंदाज ५.९ च्या आसपास होता. त्याने कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ती ५.९ भरली.