तळ्याकाठची वाट आणि बॅटरीच्या स्कुटी

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज आपण बोलणार आहोत आमच्या गावातल्या फिरायच्या वाटेबद्दल. तुमच्याही गावात हा प्रश्न आला असेल, नाहीतर लवकरच येईल.

आमच्या तळ्याभोवती पंचायतीनं वाट केली. फरशी बसवली, चार बाकडी टाकली. गटातल्या आम्ही पंधरा-वीस जणी संध्याकाळी तिथं फिरतो. कुणाला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय, कुणाला वजनासाठी. आणि खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढाच एक तास आपला असतो. म्हातारी माणसं येतात, पोरं सायकल शिकतात.

दिवाळीनंतर तिथं बॅटरीच्या स्कुटी यायला लागल्या. दिसायला पेट्रोलच्या स्कुटीसारख्याच, पण आवाज नाही. एका संध्याकाळी आमच्या एका काकूंना मागून धक्का बसला. त्या हातावर पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. चालवणारा आठवीतला मुलगा. तोही घाबरून रडायला लागला. काकूंचा हात दीड महिना प्लास्टरमध्ये आणि ऐन कांदा लागवडीत मजुरी बुडाली.

गटाच्या बैठकीत आम्ही तावातावानं म्हणालो, या गाड्या वाटेवर बंदच करा. तेव्हा एक ताई बोलली. तिचा पाय लहानपणी पोलिओनं अधू झालाय. ती म्हणाली, "या स्कुटीमुळंच मी तुमच्याबरोबर तळ्यावर येते. बंद केलीत तर मी घरातच." आम्ही गप्प झालो. मग ठरवलं, आधी नीट माहिती घेऊ.

कायदा असा आहे. मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती मान्यताप्राप्त गाडी मोटार वाहन धरत नाहीत. तिला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही, विमाही लागत नाही. म्हणजे अशा गाडीनं कुणाला उडवलं, तर बहुतेक वेळा दवाखान्याचा खर्च दोन घरांनी आपसात भागवायचा. काकूंच्या बाबतीत तेच झालं.

काही जण दुकानातून वेगाची मर्यादा काढून घेतात. मग ती गाडी कायद्यानं मोटार वाहनच होते. २०२२ मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन विभागानं असे बदल केलेल्या गाड्यांवर कारवाईची मोहीम घेतली होती. आणि लक्षात ठेवा, मोटार वाहन अल्पवयीन मुलाच्या हाती दिलं आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

आता वेगाचा हिशोब करू. आपण चालतो ते सेकंदाला सव्वा मीटर. २५च्या वेगानं स्कुटी सेकंदाला ७ मीटर जाते. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे पंधरा हात अंतर संपलं. गाडी, बॅटरी आणि माणूस मिळून सव्वाशे-दीडशे किलोचा धक्का. साधी सायकल असते १५-२० किलोची. पण वेग निम्मा केला, तर धक्क्याचा जोर पाव होतो. चालायच्या वेगानं आलेली स्कुटी सहसा कुणाचं हाड मोडत नाही.

म्हणून आमचं मत असं झालं. ज्यांना डांबरी रस्त्यानं जाता येतं, त्यांनी स्कुटी या वाटेवर आणू नये. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांची स्कुटी म्हणजे त्यांचे पायच. त्यांनी जरूर यावं, मात्र चालणाऱ्यांच्या वेगानं.

वाटेच्या तोंडाशी खांब रोवा, असं काहींनी सुचवलं. पण ज्या खांबांतून स्कुटी जाणार नाही, त्यांतून चाकाची खुर्चीही जाणार नाही. म्हणून खांब नकोत. ठळक फलक लावायचा आणि ज्या घरांत अशा गाड्या आहेत, तिथं दोघीदोघींनी जाऊन बोलायचं, असं ठरलं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. डेअरीला दूध घालणारी आमची एक वहिनी म्हणते, "रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या धावतात, मी कुठून जाऊ?" तिचं खरं आहे. तिला तळ्यावरून हटवायचं, तर रस्ता तिच्यासाठी धोक्याचा राहता कामा नये. म्हणून फलकाबरोबरच रस्त्यावर गतिरोधक आणि दिवे मागणार आहोत.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात पंचायतीवर बंधनकारक आहे. दोन्ही मागण्या तिथं लेखी देणार आहोत आणि त्यांची नोंद इतिवृत्तात झाली का, ते वाचूनच उठणार आहोत. तुम्हीही तसंच करा.

काकूंचं प्लास्टर निघालंय. परवा त्या फिरायला आल्या, पण सारख्या मागं वळून बघत होत्या. त्यांनी पुन्हा निर्धास्त चालावं, एवढंच आम्हाला हवंय. तुमच्या गावात काय ठरतं ते आम्हाला जरूर कळवा.