उंबरठ्याआतील परीक्षक

चित्रपटाचे परीक्षण वृत्तपत्राच्या स्तंभात होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. चित्रपट आणि मालिका यांविषयींचे कितीतरी अभिप्राय घराघरांतून, भाजी निवडता निवडता किंवा जेवणाची ताटे उचलता उचलता उच्चारले जातात आणि दुसऱ्या दिवशी ते बोलणाऱ्यालाही आठवत नाहीत. त्यांना ना संपादक, ना संग्राहक. पण जेथे घरात एक भाषा बोलली जाते आणि उंबरठा ओलांडताच दुसरी सुरू होते, तेथे या अभिप्रायांचे मोल निराळे ठरते. मध्य प्रदेशातील सौसर आणि पांढुर्णा हा असाच प्रदेश आहे.

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला वसलेली ही कापसाची आणि संत्र्यांची भूमी १९५६ पर्यंत नागपूरकडे राजधानी म्हणून पाहत होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. शाळा, कचेरी आणि न्यायालय यांची भाषा हिंदी झाली. चूल, शेत आणि मंगलाष्टके मराठीच राहिली. २०२३ साली सौसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. भाषेची ही वाटणी मात्र होती तशीच आहे.

अशा घरात दूरचित्रवाणी संच आला तो प्रथम हिंदी घेऊन. मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले खरे, परंतु त्याच्या लहरी सातपुड्यापर्यंत पोचणाऱ्या नव्हत्या. १९८४ साली ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ आले. त्या काळी संच थोडे होते. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी सारी आळी. देशभर अनेक घरांत मालिकेच्या वेळी संचाला हार घालून उदबत्ती लावीत. ज्या वस्तूपुढे उदबत्ती लावावयाची तिच्याविषयी मत कोण देणार? तीच मालिका २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पुन्हा दाखविण्यात आली तेव्हा परीक्षकांची जीभ मोकळी झाली होती. धनुष्यातून सुटलेला बाण वैऱ्याच्या बाणाला भिडावयास इतका वेळ का लागतो, हा नातवंडांचा प्रश्न आजोबांच्या भक्तीत बसण्यासारखा नव्हता.

मराठी वाहिन्या उपग्रहावरून घरात उतरू लागल्या त्या गेल्या शतकाच्या अखेरीस. १९९९ च्या १५ ऑगस्टला ‘अल्फा मराठी’ सुरू झाली. पुढे तिलाच ‘झी मराठी’ हे नाव मिळाले. राज्याच्या सीमेने जे तोडले होते ते छपरावरच्या तबकडीने जोडले, असे म्हणावयास हरकत नाही. पण या जोडणीबरोबर एक नवा सल घरात शिरला. पडद्यावरचे मराठी कुटुंब ‘मला’, ‘तुला’ म्हणे. ते पाहणारे कुटुंब ‘मले’, ‘तुले’ म्हणे. पडद्यावरची सून ‘का’ विचारी; इकडची सून ‘काहून’ विचारी. पडद्यावर कोणी ‘करून राहिला’ म्हणालेच, तर समोरचे पात्र हसे. ज्या वऱ्हाडात, ऋद्धिपूरच्या परिसरात, तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले आणि मराठी गद्याने पहिली भक्कम पावले टाकली, तेथल्या बोलीच्या वाट्याला पडद्यावर प्रामुख्याने विनोदाची जागा यावी, हा काही भूषणाचा प्रकार नव्हे. ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी ढंगाने मिळविलेला हशा हक्काचा होता. तो कलावंताच्या कमाईचा होता. तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार आहे ती त्याच बोलीतून रडणारे, प्रेम करणारे, कर्जाचा हिशेब मांडणारे पात्र क्वचितच दिसते याविषयी. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मनावर याचा परिणाम सूक्ष्म असतो. शाळेत त्याची मराठी चालत नाही आणि मराठी मालिकेतही ती चालत नाही. मग आजीची भाषा म्हणजे चुकीची मराठी, असे समजून ते मूल सरळ हिंदीकडे वळले, तर दोष त्याचा नव्हे.

या दृष्टीने सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ चा चित्रपट अशा घरांनी अवश्य पाहण्यासारखा आहे. विदर्भातील कापूस पिकविणारा किसना, त्याची पत्नी अलका आणि त्यांचा मुलगा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात भीती घर करते. नवऱ्याने एकटे राहू नये म्हणून ती मुलाला त्याच्या मागे पाठविते, घरात नसले तरी गोडधोड करून घालते. प्रसंग भयंकर आहे आणि त्यातच हसूही आहे. किसनाला या अचानक पाहुणचाराचे कारणच उमगत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांचा अभिनय उत्तम आहेच. पण कापूसवाल्या घरातील प्रेक्षक अभिनयापूर्वी शेत पाहतो. पेरणीनंतर आभाळाकडे पाहणारी मान कशी वळते, बियाण्याची पिशवी हातात कशी धरली जाते, हे तो पारखतो. अशी पारख शहरातील समीक्षकापाशी असतेच असे नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची (२०१६) गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्यातील बोली सोलापूर जिल्ह्यातील, करमाळ्याकडची. पांढुर्ण्याच्या कानाला तीही परकीच. पण तेथे नायक आणि नायिका दोघेही निःसंकोचपणे गावची भाषा बोलतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. शिवाय पांढुर्ण्याला या कथेचा एक जुना दुवा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिच्या उगमाची आख्यायिका अशीच एका मुलाची आणि एका मुलीची आहे. तो या तीरावरचा, ती त्या तीरावरची; नदी ओलांडून पळताना दोन्ही गावांनी दगड उचलले, असे सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या ही कथा ऐकलेल्या घरात आर्ची आणि परश्या यांचा शेवट पाहताना कोणी आवाज केला नाही, तर नवल कसले? चित्रपटगृहात अंधार माणसाला मुकाट्याने रडू देतो. घरात दिवा चालू असतो, समोर वडील बसलेले असतात आणि लग्नाच्या वयाची मुलगी पाणी आणावयाच्या निमित्ताने उठून जाते. असे उठून जाणे हाही एक अभिप्रायच होय.

मंजुळे यांचाच ‘झुंड’ (२०२२) हिंदी असूनही या सीमेवरील घरांना कित्येक मराठी मालिकांपेक्षा जवळचा वाटावा. त्यात नागपूरच्या झोपडपट्टीतील पोरे बोलतात ती हिंदी मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा; उत्तरार्ध सैल झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. घरी तो दोन रात्रींत पाहता येतो, हा घरच्या प्रेक्षकाचा फायदा.

अलीकडे मात्र घरच्या या परीक्षणसभेला ओहोटी लागली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर प्रत्येकजण आपापली मालिका पाहतो. कानात बोंडे घातलेल्या मुलाला आजीचा शेरा ऐकू येत नाही आणि आजीला त्याच्या हसण्याचे कारण कळत नाही. त्याने ‘पंचायत’चा भाग पाहिला, तिने मराठी मालिकेचा, दोघांनाही काही म्हणावयाचे होते, ते मनातच राहिले.

वर्षातून एक दिवस मात्र सारे घर एका संचापुढे पुन्हा जमते. तो दिवस गोटमारीचा. तेव्हा बातम्यांच्या वाहिन्यांवर पांढुर्णा दिसते. निवेदक रक्त, जखमी आणि प्रशासन यांविषयी बोलत असतो. घरातील मंडळी त्याचे बोलणे बाजूला सारून चित्र पाहत असतात. पलीकडच्या गच्चीवर कोण उभे आहे, पात्रात रोवलेले पळसाचे झाड यंदा कोठवर शिल्लक आहे, दगड उचलणारा तो हिरव्या सदऱ्यातला आपला तर नव्हे, हे ते ओळखू पाहतात. ‘कॅमेरेवाला चुकीच्या काठावर उभा आहे,’ असे कोणीतरी म्हणते. दुसरे कोणी सावरगावच्या माहेरचे असते. ते म्हणते, ‘चुकीच्या कसा? तोच काठ बरोबर.’